पुरात अडकलेला घोडेस्वार

शमसुन्निसाने सुरीचं टोक रजिस्टरच्या पाठीत घातलं, कापड बोटभर उसवलं आणि तिचा हात जागीच थांबला. मळकट कापडाखालून एक जांभळी पट्टी डोकावत होती, पांढऱ्या बुट्ट्यांची. ती तिनेच लावली होती, सोळा वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नातल्या ओढणीची कड कापून. नव्या नवरीची हौस, दुसरं काय.

तिने मान वर न करता नवऱ्याकडे पाहिलं. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जलालुद्दीन कटिंग मशीनचं चाक फिरवत कॉलेजच्या वह्यांच्या कडा कापत होता. त्याचं लक्ष नव्हतं. तिने रजिस्टरच्या पुठ्ठ्याला नख लावून पाहिलं. थर अजून घट्ट होते, आणि एका कोपऱ्यात खळीचा निळसर डाग होता. मैद्याच्या खळीत मोरचूद जरा जास्तच घालायची सवय तिला सासूने लावली होती. पुस्तक जाईल पण किडा लागणार नाही, असं सासू म्हणायची.

शंका खरं तर सकाळीच आली होती. जलालुद्दीन चहाला गेला असताना एक तरुण मास्तरीण हे रजिस्टर घेऊन आली. गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली शाळा, दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर, पाठ निघालेली.

"इतवारी बाजाराले येईन तेव्हा नेईन, काकी. चालते ना?"

"चालते. कोनाची गं तू?"

"भैयाजी गुरनुलेची. दिव्यानी."

शमसुन्निसाने रजिस्टर हातात घेतलं आणि पावती फाडायचीच विसरली.

भैयाजी गुरनुले हे नाव या दुकानात सोळा वर्षं कुणी घेतलं नव्हतं. त्याआधी ते दर रविवारी यायचं, नावाच्या धन्यासकट. बल्लारपूरच्या बाजारात भाजी-बियाणं घेऊन झालं की भैयाजी दुकानात येऊन बसायचा आणि जलालुद्दीन माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढायचा. तीत त्याचा खजिना होता: परदेशी घोडेस्वारांची जुनी चित्रपुस्तकं आणि जाड पिवळ्या कागदावर छापलेली गोष्टींची मासिकं. मोठ्या टोप्या, तोंडाला रुमाल बांधलेले दरोडेखोर, धुळीचे रस्ते. जंक्शनवरची जुनी रेल्वेवाली कुटुंबं गाव सोडून जाताना हे सगळं रद्दीत टाकून गेली, आणि जलालुद्दीनने ते किलोवर उचललं. रद्दीवाला त्याला वेडा समजायचा. जलालुद्दीन रद्दीवाल्याला आंधळा समजायचा.

सगळ्या तालुक्याच्या पुस्तकांना जिल्द चढवणाऱ्या या माणसाने आपल्या एकाही मासिकाला कधी टाका घातला नाही. "जिल्द म्हटलं का कडा कापा लागते," तो म्हणायचा, "अन् कडा कापली का जीव गेला." प्रत्येक अंक बटर पेपरमध्ये, मध्ये कडुनिंबाची पानं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एखादा अंक काढून तो आधी हुंगायचा, मग उघडायचा. फक्त एक अडचण होती. त्याला इंग्रजी अक्षरं लागत, पण वाक्य लागत नसे. वाक्य भैयाजीला लागायचं. तो नागपूरला दोन वर्षं कॉलेजात होता, बाप गेल्यावर धानाच्या बांधीवर परतलेला. तो एकेक ओळ वाचायचा आणि आपल्या झाडी बोलीत सांगायचा. त्याच्या तोंडी तिकडचा ठाणेदार पाटील व्हायचा, दारूच्या गुत्त्यात मोहाची वाटी फिरायची, आणि घोडासुद्धा "काऊन बे" असं म्हणेल की काय असं वाटायचं. शमसुन्निसा पडद्याआडून खळ ढवळत ऐकायची. गोष्ट संपली की पानाच्या तळाशी एक छोटासा घोड्याचा नाल छापलेला असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या शमसुन्निसाला त्या मासिकातलं तेवढं एक अक्षर येत होतं.

आणि मग १९८३ चा मार्च आला. तीन अंकांत चालणाऱ्या एका गोष्टीचे दोन अंक वाचून झाले होते. दुसऱ्याच्या शेवटी घोडेस्वार पुराच्या मधोमध अडकला होता, आणि पलीकडच्या काठावर त्याचा जुना दोस्त बंदूक रोखून उभा होता. तिसरा अंक जलालुद्दीनला नेमका त्याच आठवड्यात रद्दीत सापडला. कव्हर नव्हतं, पुढची पानं गेलेली, पण त्या गोष्टीची नऊ पानं शाबूत होती. रविवारी वाचू म्हणून त्याने ती कपाटावर ठेवली आणि पुठ्ठा आणायला तीन दिवस नागपूरला गेला. कागद गिरणीच्या बल्लारपुरात तेव्हा पुठ्ठ्याचाच दुष्काळ होता. इकडे भैयाजीच्या गावच्या शाळेचं रजिस्टर अडून बसलं होतं. नवऱ्याला आपली कामगिरी दाखवायची म्हणून शमसुन्निसाने रद्दीचे कागद एकावर एक चिकटवून स्वतःच पुठ्ठे बनवले. कपाटावरची ती कव्हर नसलेली पानंही त्यातच गेली. शेवटचं पान चिकटवताना तिला तळाचा नाल दिसला होता. छान आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

गुरुवारी भैयाजी येऊन रजिस्टर घेऊन गेला. रात्री जलालुद्दीन आला, त्याने कपाटावर पाहिलं आणि विचारलं, "कोन आलं होतं?"

"भैयाजीभाऊ," ती म्हणाली. आणि ते म्हणतानाच तिला तो नाल आठवला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सासू समोर बसली होती, लग्नाला चार महिने झाले होते, आणि नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. रविवारी भर बाजारात जलालुद्दीनने भैयाजीला चोर म्हटलं. भैयाजीने भाजीची पिशवी उचलली आणि तो गेला, तो गेलाच. त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. आज-उद्या करता करता सोळा वर्षं निघून गेली. जलालुद्दीनने नागपूरचे फुटपाथ पालथे घातले, हैदराबादच्या जुन्या बाजारात जाऊन आला, पण तो अंक काही मिळाला नाही. कधीकधी चहा पिताना तो मध्येच म्हणायचा, "घोडा थकला असल बिचारा, पान्यात उभा राहून राहून." आणि शमसुन्निसा कप घेऊन आत जायची.

आता तिने चुलीवर पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं आणि रजिस्टरचे दोन्ही पुठ्ठे सोडवून त्यात बुडवले. मग ती घमेल्याशेजारीच बसून राहिली. बाहेर चाक थांबलं.

"हे काय करून राह्यली? नवे पुठ्ठे लाव ना, जुने काऊन भिजवते?"

"ऐका," ती म्हणाली. "बसा पहिले."

तो बसला नाही. तो उभा असतानाच तिने सांगितलं. कपाट, नऊ पानं, खळ, नाल, सासू, सगळं. सांगताना ती पाण्यात बोटं फिरवत राहिली, कारण वर पाहायची तिची हिंमत नव्हती.

 तो घमेल्याशेजारी उकिडवा बसला आणि दबक्या आवाजात त्याने विचारलं,

"पानं साबूत आहेत काय?"

वेड ते वेड. तिला रडता रडता हसू आलं. पहिला थर सुटत होता. त्याने तो आपल्या हातात घेतला, दोन बोटांत, जळालेला पापड उचलावा तसा, आणि उजेडाकडे धरला. कडा कापल्या गेल्या होत्या, ओळींची शेवटची अक्षरं गेली होती, पण शाई जागची हलली नव्हती. मोरचुदाने कागदाला किडा शिवू दिला नव्हता. त्याने ते पान तिच्या ओढणीवर अलगद पसरलं. मग त्याचे हात गुडघ्यांवर पडले.

"मी त्याले चोर म्हटलो, शम्सू. भर बाजारात."

"चूक माही होती."

"पानं तू चिपकवली. बोललो तं मीच ना?"

नऊ पानं मागच्या अंगणात दोरीवर चिमट्यांनी लागली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जलालुद्दीन भैयाजीच्या गावाला गेला. संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या चपलांना धानाचा भुसा लागला होता आणि तोंड उतरलेलं होतं.

"काय म्हनले?"

"खळ्यावर होता. पानी देल्लं, चहा देल्ला. मी सारं सांगतलं. तो धान उपनत राह्यला. शेवटी म्हने, तुमची बस निघून जाईल." त्याने चपला झटकल्या. "तुमची म्हने मले."

शमसुन्निसाला त्या रात्री जेवण गेलं नाही. सोळा वर्षं ओठ शिवून बसलेल्या बाईने एकदा तोंड उघडलं, आणि उपयोग काय झाला? नवऱ्याचा दोस्त तर परत आला नाहीच, वर नवरा दुसऱ्यांदा मान खाली घालून आला. पुढचे दोन दिवस तिने नवे पुठ्ठे घालून रजिस्टर बांधलं. पाठीला मात्र तीच जांभळी पट्टी पुन्हा लावली. ती अजून मजबूत होती.

रविवारी दुपारी दिव्यानी आली. तिच्या मागे, दाराच्या चौकटीत, हातात बाजाराची पिशवी घेऊन भैयाजी उभा होता. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. तो कुणाशी बोलला नाही. सरळ टेबलापाशी आला, त्याने रजिस्टर उचललं, वजन पाहिलं आणि काखेत धरलं.

"असंच नेलं होतं ना मी, भाभी?"

"व्हय, भाऊ."

"सायकलनं. रस्त्यात पानी लागलं तं सदऱ्याच्या आत घेतलं याले, भिजू नाई म्हनून." तो दिव्यानीकडे वळला. "याच्यात तुह्यं नाव मांडलं तेव्हा मी बाजूलेच बसून होतो. मग दहा वर्षं शाळेच्या कमिटीत होतो. याच्यावर कोपर टेकून सह्या केल्या मी." हे बोलता बोलता त्याचे खांदे हसण्याने हलू लागले. "अन् गावभर सांगत फिरलो, मी नाई नेलं म्हनून. काखेत कळसा अन् गावाले वळसा!"

जलालुद्दीन मशीनला धरून उभा होता. 

"काऊन बे, जलाल," भैयाजी म्हणाला, "तू तं खरंच बोलला होता. मीच नेलं. आता उभा काऊन राह्यला? पेटी काढ."

शमसुन्निसाचा जीव भांड्यात पडला. ती घाईने आत गेली, कारण आता रडायला हरकत नव्हती. चहाचं आधण ठेवलं, डोळे पुसले, दोरीवरची नऊही पानं चिमटे काढून गोळा केली, क्रमाने लावता येत नव्हती म्हणून तशीच आणून भैयाजीच्या हातात दिली. त्याने आकडे पाहून ती लावली, चष्मा चढवला आणि घसा साफ केला. दिव्यानी स्टुलावर बसली. बाप इंग्रजी वाचतो हे तिला माहीत होतं, पण घोडेस्वाराचं हे प्रकरण तिच्यासाठी नवंच होतं.

भैयाजीने वाचलं. ओळींची शेवटची अक्षरं कापलेली होती, तिथे तो क्षणभर थांबायचा आणि आपल्या पदरचं घालून पुढे जायचा. पूर चढत होता. घोडा मान वर धरून होता. काठावरच्या दोस्ताने बंदूक खाली ठेवली आणि दोर फेकला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. जलालुद्दीनने स्वतःच्या गुडघ्याला असं धरलं होतं की जणू दोर तोच ओढत होता. तिसऱ्यांदा दोर लागला.

"निघाला बाप्पा!" भैयाजी म्हणाला. "घोडा बी निघाला."

जलालुद्दीनने सोळा वर्षांचा श्वास सोडला आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

चहाचे कप घेऊन शमसुन्निसा भैयाजीच्या खांद्याशी आली होती. त्याच्या हातातलं नववं पान तिला दिसत होतं. तळाशी छोटासा घोड्याचा नाल होता, गोष्ट संपल्याचा. तिच्या डोळ्यांदेखत भैयाजीने आपला जाड, धानाने चिरलेला अंगठा हळूच सरकवला आणि त्या नालावर ठेवला.

"पन मामला इथी संपत नाई," तो पानं दुमडत म्हणाला. "काठावर आल्यावर दोघं काय बोलले, ते पुढं आहे. ते पुढच्या इतवारी."

"आताच वाच ना बे!"

"बस निघून जाईल माही."

जलालुद्दीन लहान पोरासारखा चिडला आणि बायकोकडे वळला. "शम्सू, पुठ्ठ्यातली आखीन पानं हायत ना?"

भैयाजीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने कप त्याच्यापुढे ठेवला, बशी नीट केली.

"हायत ना," ती म्हणाली. "वाळून राह्यली."

मागच्या अंगणात दोरीवर नुसते चिमटे होते.