बावीस क्रमांकाच्या खुर्चीपर्यंत

आमच्या विभागातलं परिषदेचं टेबल कुणी चिंता व्यक्त केली की वीतभर वाढतं. तीव्र चिंतेला हातभर वाढतं. निषेधाला पुरुषभर, आणि निषेध कडक शब्दांत असेल तर फरशा तडकतात आणि खोलीची मागची भिंत आणखी मागे सरकते. याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत हे सगळं छापलेलं आहे आणि शेजारच्या रकान्यात गुण दिलेत. चिंतेला दोन, तीव्र चिंतेला तीन, निषेधाला पाच.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय शांतता आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार. ‘शांततेत नोकरी लागते का गं?’ असं आई दर दिवाळीला विचारते आणि मी दर दिवाळीला चकलीचा तुकडा तोंडात घालते. तिसऱ्या वर्षाला शंभर गुणांची परिषद असते. बावीस मुलं, बावीस चिठ्ठ्या. चिठ्ठीवर जो देश निघेल तो तुम्ही, परिषद संपेपर्यंत. हजेरीसुद्धा क्रमांकानेच होते.

मला चौदा क्रमांक निघाला. ‘शेजारी देश. पाणी मुबलक.’ मी खुर्चीवर बसले तेव्हा समोर स्टीलचा जग आणि ग्लास आलेले होते. जगातलं पाणी कितीही ओतलं तरी संपत नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर नजमा तडवी बसली. तिला बावीस निघाला होता. ‘वेढा पडलेला देश.’

चिठ्ठी वाचून नजमा म्हणाली, “बरं.” आणि तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. तेव्हापासून तिला खुर्चीभोवती एका पावलापलीकडे जाता येईना. डबा उघडला तर रिकामा, बाटली उघडली तर कोरडी.

नजमा रावेरकडची. नववीत असताना तिने गावातल्या दोन आळ्यांचं नळावरचं भांडण मिटवलं होतं. कसं, तर दोन्हीकडच्या बायकांना आपल्या घरी चहाला बोलावून. मग कुणीतरी तिला सांगितलं की शहरात या कामाची पदवी मिळते, म्हणून ती आली. आमच्या वर्गात खऱ्या कामासाठी आलेली ती एकटीच. बाकी आम्ही स्पर्धा परीक्षेसाठी सोपा विषय म्हणून जमलेलो.

पहिल्या दिवशी अकराला परिषद सुरू झाली. बाराच्या सुमाराला नजमाने मला कोपराने ढोसलं.

“उल्के, पाणी दे ना.”

तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. जग माझ्या हातात होता. आणि मी काय केलं? मी माझी नावाची पाटी उभी केली. बोलायची परवानगी हवी असली की आमच्यात आडवी पाटी उभी करायची असते. अध्यक्षस्थानी केसकर सर होते. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

“बोला, चौदा.”

“बावीस क्रमांकाच्या तहानेबद्दल आम्ही चिंता व्यक्त करतो,” मी म्हटलं.

“छान. पद्धत सांभाळली,” सर म्हणाले आणि दोन गुण लिहिले. टेबल नेमकं आमच्या दोघींच्या मधून वीतभर वाढलं. नजमाचं कोपर सुटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतंच. मला अजून त्या बघण्याची लाज वाटते. पण त्या वेळी मी जग खाली ठेवला आणि पुढच्या वक्त्याचं टिपण घ्यायला लागले.

माझ्यानंतर आणखी वीस जण बोलले. त्यांना वीस वेळा चिंता वाटली. संध्याकाळपर्यंत मला हात लांब करूनही नजमाला शिवता येईना.

दुसऱ्या दिवशी मी ठराव मांडला. बावीस क्रमांकाला पाणी द्यावं, एवढाच. सगळ्यांनी हात वर केले. तीन क्रमांकाच्या सलीलने लाल पाटी वर केली. लाल पाटी वर झाली की ठराव पडतो, तेही पुस्तिकेत आहे. ठराव पडल्याबद्दल मग सगळ्यांनी खेद व्यक्त केला. खेदालाही टेबल वाढतं.

सलील माझा चांगला मित्र. मधल्या सुट्टीत तो माझ्याच डब्यातली भेंडी खात होता.

“माझं वैयक्तिक काही नाही गं,” तो म्हणाला. “नजमा माझीही मैत्रीण आहे. चिठ्ठीवरच लिहिलंय, मी काय करणार?”

“फाड ती चिठ्ठी.”

“मग मी कोण असेन?” त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता. मी डबा बंद केला. मला इतका संताप आला होता की झाकण उलटं बसलं.

तिसरा दिवस निषेधांत गेला आणि नजमाची खुर्ची पार लांब गेली. चौथ्या दिवशी तिला चहा-बिस्किटांची विचारणा करायला शिपाई बनसोडेमामा सायकलवर गेले. मामांना चिठ्ठी नव्हती, त्यामुळे ते कुठेही जाऊ शकत. जाताना त्यांनी आपली पाण्याची बाटली घेतली होती. पोचेपर्यंत ती कोरडी झाली, कारण सदस्य नसलेल्याचं पाणी परिषद धरत नाही. अर्ध्या तासाने ते परत आले आणि सायकल खांबाला टेकवून सरळ माझ्यापुढे उभे राहिले.

“पोरीचे ओठ फुटलेत, ताई. बोल म्हटलं तर आवाज निघंना. तुम्ही एवढी शिकलेली माणसं, आन् गिलासभर पाणी पोचवता येईना व्हय?”

“मामा, तुम्ही सदस्य नाही,” केसकर सर म्हणाले. “चहा ठेवा आणि जा.”

“चहा ठिवतो की,” मामा म्हणाले. “चहाला कुठं ठराव लागतोय.”

मी पाटी उभी न करता उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, की चार दिवस आपण इथे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात वाढतोय आणि जिला वाढतोय ती उपाशी आहे. ती आपल्या वर्गातली मुलगी आहे. तिने आपल्या सगळ्यांच्या नोट्स फेअर करून दिल्यात. लाजा वाटत नाहीत का आपल्याला? बोलताना माझा आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“भावना पोचली, चौदा,” ते म्हणाले. “ती ठरावाच्या प्रस्तावनेत घाला. तीव्र चिंता धरतो मी. तीन गुण.”

टेबल हातभर वाढलं. माझ्या रडण्याने वाढलं. तेव्हा मी चपला काढल्या, जग आणि ग्लास उचलला आणि खुर्चीवरून टेबलावर चढले.

टेबलावरून चालणं अवघड नव्हतं. सुरुवातीला जुनं सागवान होतं, चहाच्या डागांचं. मग पहिल्या दिवसाचा भाग लागला, मग दुसऱ्या. पुढे नुसता ताजा प्लायवूड होता, पॉलिश न केलेला, त्याची कुसळं तळव्यात घुसत होती. मागे गलबला झाला. चौदा क्रमांकाने परवानगीशिवाय हद्द ओलांडली होती. एकेक पाटी उभी राहिली आणि माझा निषेध सुरू झाला. प्रत्येक निषेधाला माझ्यापुढे पुरुषभर लाकूड उगवत होतं. मी एक पुरुष चालले की टेबल एक पुरुष वाढायचं. कडक निषेध आला की मी चालूनही मागे पडायचे.

दुपार अशीच गेली. नजमा मला करंगळीएवढी दिसत होती. तिने तिची पाटी उभी केली होती. चार दिवस केलेली असणार. एवढ्या लांबून अध्यक्षांना ती दिसणंच शक्य नव्हतं, आणि ती बिचारी आपली पाळी येईल म्हणून वाट बघत होती.

मग ध्वनिक्षेपक खरखरला. केसकर सर नवा ठराव वाचत होते. बावीस क्रमांकाने सोसलेल्या यातनांच्या स्मरणार्थ परिषदेने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. सलीलने लाल पाटी वर केली नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ती जिवंत आहे, मेल्यांनो, तिची पाटी बघा, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मागे खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. सगळा आवाज थांबला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच टेबल वाढायचं थांबलं.

मी धावले. जगातलं पाणी हिंदकळून माझ्या ओढणीवर सांडत होतं, कुसळं मोडत होती, पण मी हूं की चूं केलं नाही. नजमा हाताएवढी झाली, मग मुलाएवढी, मग नजमाएवढी. तिचे ओठ मामांनी सांगितले त्याहून वाईट होते. मी तिच्यापुढे गुडघे टेकले आणि ग्लास काठोकाठ भरला.

नजमा उभी राहिली होती. आज्ञा तिलाही ऐकू आली होती. हात सरळ, मान खाली, डोळे घट्ट मिटलेले. मी ग्लास तिच्या ओठांना लावला. तिने ओठ आवळून घेतले, स्तब्धतेत हलायचं नसतं म्हणून. एक शब्द बोलले असते तरी टेबल वाढलं असतं. मी तोंड घट्ट मिटून ग्लास तसाच धरून ठेवला आणि पाणी तिच्या हनुवटीवरून खाली गळत राहिलं.