भुऱ्याचा पट्टा

मी मारुती. लोणावळ्यात एका शेटच्या बंगल्यावर माळी होतो. चौतीस सालच्या उन्हाळ्यात तिथं मुंबईचे एक चित्रकार साहेब उतरले. ठाकरवाडीची चिंगी रोज करवंदं विकायला यायची, मागं तिचा भुऱ्या कुत्रा. साहेबांनी त्या दोघांचं चित्र काढायला घेतलं.

हवा खायला येणाऱ्या बड्या लोकांना त्रास नको म्हणून उन्हाळ्यात बिनपट्ट्याची कुत्री धरून कोंडवाड्यात नेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गोळी. चिंगीच्या बापानं, नवशानं, चार दिवस लाकडं फोडून भुऱ्याला लाल पट्टा आणि परवान्याचा पितळी बिल्ला आणला होता.

साहेब म्हणाले, "पट्टा काढ गं. बिल्ला फार चमकतो." पट्टा स्वतःच्या कोटात घातला आणि विसरले. चिंगीची मागायची छाती झाली नाही. भुऱ्याला वाटेतच धरला.

सकाळी आठला पोर धापा टाकत आली. "मारुतीभाऊ, सायबाकडनं पट्टा आना. दावला की सोडत्यात."

"साहेब उठले न्हाईत. घंटी वाजल्याबिगर वर जायचं न्हाई आमाला."

"मंग मी हाक मारू?"

"गप! माझी नोकरी घालवतीस व्हय?"

ती पायरीवर बसली. घंटी साडेनऊला वाजली. दहा पायऱ्यांचा जिना होता, मी चढलो नाही. खोटं कशाला लिहू?

आठ दिवसांनी चित्र पुरं झालं. जवळून नुसते रंगाचे फराटे; चार पावलं मागं सरलं की उन्हात पोर आणि तिला टेकून कुत्रा. शेट-शेटाणी वाहवा करत होते. साहेबांनी मला धाडून चिंगीला बोलावलं आणि चित्र दाखवलं. तिनं लय वेळ बघितलं.

"पट्टा कुटंय?"

"अगं, त्यानं चित्र बिघडलं असतं."

"चित्रात काढा की. पट्टा न्हाई म्हनून तर मारला त्याला."

"किती गोड बोलते!" शेटाणी म्हणाली. साहेब हसले.

साहेबांच्या रंग कालवायच्या फळीवर लाल रंग ओला होता. मी अंगठा बुडवला आणि भुऱ्याच्या गळ्यावर ओढला. शेट किंचाळला. साहेबांनी माझा हात धरला, पण तोवर ओढून झालं होतं.

"आसाच व्हता," चिंगी म्हणाली.

दुपारच्या आत मला फाटकाबाहेर काढलं. पट्टा जरा वाकडा आला होता.