एकवचन

अंगणात शिरलेल्या शेजाऱ्यांच्या बकरीला कान धरून ओढत ओढत स्टमाटियाने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं, तेव्हा आत नारळ फोडत बसलेली तिची सासू बी मिझे नुसती बघत राहिली. नणंद रया मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. सासूने ‘म्बुझी’ आणायला सांगितली होती. म्बुझी म्हणजे बकरी, एवढं स्टमाटियाला पक्कं ठाऊक होतं. खवणीलाही इथे म्बुझीच म्हणतात, हे ठाऊक नव्हतं.

“आता हिच्यावर बसून खोबरं खवायचं की हिचं दूध काढायचं?” रया म्हणाली. “आई, उद्या हिला मीठ आणायला पाठव. समुद्रच घेऊन येईल.”

स्टमाटियाला निम्मं कळलं नाही, हसू मात्र सगळं कळलं. वर्षापूर्वी असं झालं असतं तर ती स्वतःही हसली असती, कारण तेव्हा मकामे जवळ होता. आता प्रत्येक चूक तिला हातचा एक दिवस वाया गेल्यासारखी वाटायची. बकरीला अंगणात सोडून येऊन ती खवणीवर बसली. बी मिझेने नारळाची वाटी पुढे केली, पण हातात दिली नाही. वाटीचं नाव बरोबर आलं तेव्हाच ती हातात आली. म्हातारीची शिकवण्याची रीत ही अशी होती. भाताचं पातेलं असो की अंगावर गुंडाळायचं वस्त्र कांगा, नाव चुकलं की वस्तू मागे जायची.

मकामे या पेम्बा बेटावरचा. ऐन उमेदीची वर्षं त्याने ग्रीक जहाजांवर काढली, पिरेअसच्या बंदरात स्टमाटियाशी लग्न केलं, आणि बाप गेल्यावर लवंगांच्या बागेकडे बघायला कुणी उरलं नाही म्हणून बायको आणि मुलीला घेऊन परत आला. घरात तिघं ग्रीक बोलायची. भाषेचं काय, येईल हळूहळू, असं तो म्हणायचा, आणि तिलाही ते पटायचं. दळणाच्या भावापासून सासूच्या रुसण्यापर्यंत सगळं तोच या भाषेतून त्या भाषेत करायचा. मग लवंगतोडीच्या दिवसांत पायाखालची फांदी मोडली. नवरा गेला तो तिची वाचाही घेऊन गेला.

विधवेने इथे चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. स्टमाटियाचा धर्म वेगळा, पण नवरा याच मातीत गेला होता, म्हणून तिनेही ते पाळलं. ते दिवस संपले की घरचे वडीलधारे बसणार होते. काय ठरणार ते रयाने खुणांनी आधीच समजावलं होतं. तुला जायचं तर जा, असं तिने बोट दाखवून सांगितलं, आणि मग चार वर्षांच्या झुहुराला उचलून छातीशी धरलं. झुहुरा आमची.

यात दुष्टावा काहीच नव्हता, आणि म्हणूनच त्याला तोंड देणं अवघड होतं. बापाच्या घरचा होकार असल्याशिवाय पोर बेटाबाहेर नेता येत नाही. जेटीवरचा पोलीस याच गल्लीतला आणि बोटीचा नाखवा मकामेचा मावसभाऊ. होकार मागायचा तर तिने स्वतःच्या तोंडाने मागायला हवा होता, कारण ग्रीक जाणणारा एकच माणूस या गावात होता आणि तो कबरस्तानात होता.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. पण पडलेला माणूस आधी पाणी पितो. स्टमाटिया ते पोटभर प्याली. झाडताना, लवंगांचे देठ खुडताना, न्हाणीत अंगावर पाणी घेताना ती शब्द पुटपुटत राहायची. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आतूनच हाक मारून खुशाली विचारायची, नुसतं उत्तर ऐकायला. सगळ्यांत तिचा जीव खाल्ला क्रियापदांनी. इथे क्रियापद एकटं येत नाही, कोण करतंय ते त्याच्या डोक्यावर बसून येतं. ‘नि’ म्हणजे मी, ‘तु’ म्हणजे आम्ही, ‘अ’ म्हणजे तो किंवा ती. चूक झाली की रया टाळी वाजवायची. रात्री झुहुरा झोपेत आजीला हाक मारायची, आईला नाही, आणि तीही याच भाषेत. ते ऐकून स्टमाटियाला रडूही येईना. पोटची पोर कुशीत असूनही रोज थोडी थोडी जातेय, हे तिला दिसत होतं.

दिवस संपत आले तशी तिची पार घालमेल झाली. गरजवंताला अक्कल नसते. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता तिने सासूलाच विचारलं. जमतील तेवढे शब्द एकापुढे एक ठेवले. मी. झुहुरा. माझी आई. माझं घर. बोट. कसं बोलू?

बी मिझेचा हात सुपात थांबला. तिचा एकुलता मुलगा गेला होता, आणि त्याचं नाक, त्याचे कान, त्याची झोपायची तऱ्हा घेऊन ही नात घरभर फिरत होती. मग तिने एक वाक्य म्हटलं.

“तुमेकुजा कुआगा.”

ते तिने स्टमाटियाकडून परत म्हणवून घेतलं. मग समुद्राकडे बोट केलं, सुनेच्या छातीला हात लावला, अंगणात खेळणाऱ्या झुहुराकडे बोट केलं आणि पुन्हा समुद्राकडे. आणि सूप उचलून आत गेली.

तुमेकुजा, म्हणजे आम्ही आलोय. एवढं स्टमाटियाला येत होतं. कुआगामधला ‘आगा’ मात्र तिने आधीही ऐकला होता. मकामे पडला त्या दिवशी एक माणूस धावत दारात आला होता आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला होता, “अमेआगा.” त्यापुढचं बायकांच्या आक्रोशात बुडून गेलं. नंतर पलीकडच्या आळीतली म्हातारी गेली तेव्हाही लोक तेच म्हणत होते. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तिने झुहुराला जवळ घेऊन विचारलं, आगा म्हणजे काय गं?

“बाबानं केलं ना, ते,” झुहुरा म्हणाली.

आम्ही मरायला आलोय. सासूने आपल्याला हे पाठ करायला लावलं. वर समुद्रही दाखवला. की कायमचं इथेच राहायची, इथल्याच मातीत जायची ही काही शपथ होती? दोन्हींत फरक तो काय? स्टमाटियाने त्या दिवसापासून म्हातारीच्या हातून वाटी घेताना तिच्या डोळ्यांत बघणं सोडलं. इतके दिवस ती जिला गुरू समजत होती, ती गोड बोलून गळा कापणारी निघाली, असं तिच्या मनाने घेतलं. वडीलधाऱ्यांपुढे बोलायचं वाक्य आता तिने स्वतःच जुळवलं, कुणालाही न विचारता.

दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपार उतरल्यावर, पुरुष घरासमोरच्या दगडी ओट्यावर येऊन बसले. मधोमध सासऱ्यांचे थोरले भाऊ शामे, ज्यांना सगळे मानाने म्झे म्हणत. या घरात शेवटचा शब्द त्यांचा. अंगणात चटयांवर लवंगा वाळत पडल्या होत्या. बायका दाराच्या आत बसल्या, उंबऱ्याशी स्टमाटिया आणि तिच्या मागे बी मिझे. खेळून दमलेली झुहुरा आजीच्या मांडीवर झोपली होती. कडू कॉफीच्या वाट्या फिरल्या. प्रकृती कशी, घर कसं, मन कसं, सगळं विचारून झालं. सगळं बरं आहे, असं स्टमाटियाने न चुकता सांगितलं. ओट्यावर दोन-तीन माना कौतुकाने हलल्या. मग म्झे शामेंनी विचारलं, मुली, तुला काही बोलायचंय का?

“मला माझी मुलगी पाहिजे,” ती म्हणाली.

वाक्यात चूक एकही नव्हती, आणि तरीही मागे रयाने जीभ चावली. असं पाहिजे म्हणून इथे दुकानात मीठसुद्धा मागत नाहीत. म्झे शामेंनी वाटी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. सावकाश, तिला समजेल असं, शब्द सुटे करून बोलले. पाहिजे म्हणून उचलून न्यायला पोर म्हणजे वस्तू नाही. हे घर तुझं आहे, शंभर वर्षं राहा, पोर तुझ्याच कुशीत झोपेल. पण ती मकामेची शेवटची निशाणी आहे आणि मकामेच्या बेटावर राहील. बाकीच्यांनी हं म्हटलं. निकाल झाला. महिनोन्‌महिने गिळलेले सगळे शब्द खर्च झाले होते आणि तिच्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं. ओरडावं असं तिला वाटलं, पण ते ग्रीकमध्ये झालं असतं.

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी कुणी तरी हाक देऊन आत यायची परवानगी मागितली. फाकी होता, शेजारचा बकरीवाला. खांद्यावर वळकटी, काखेत पाय बांधलेली कोंबडी. ओट्यापाशी येऊन तो वाकला.

“म्झे, निमेकुजा कुआगा.”

मी मरायला आलोय, असं स्टमाटियाला ऐकू आलं. ओट्यावर मात्र सगळ्यांचे हात वर झाले, तोंडं पुटपुटली, तळवे चेहऱ्यावरून फिरले. सुखरूप जा, देव राखो, म्झे शामे म्हणाले. का चाललास, कधी येशील, कुणी विचारलं नाही. निघालेल्याला इथे अडवत नाहीत. अडवलं आणि पुढे बरंवाईट झालं, तर ते अडवणाऱ्याच्या माथी येतं. फाकीने उभ्याउभ्याच कॉफी घेतली, मोंबासाच्या लेकीला कोंबडीचा रस्सा फार आवडतो असं काहीबाही सांगितलं, आणि हसत हसत जेटीच्या वाटेला लागला.

मरायला निघालेला माणूस लेकीसाठी कोंबडी घेऊन जात नाही. कुआगा म्हणजे निरोप घेणं. मकामेने जगाचा निरोप घेतला होता, त्या धावत आलेल्या माणसाने तेवढंच सांगितलं होतं. स्टमाटियाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ज्या वाक्याला या घरात कुणी नाही म्हणू शकत नाही, ते म्हातारीने तिच्या हातात ठेवलं होतं आणि तिने ते फेकून दिलं होतं. मागे वळून बघायचीही तिला लाज वाटली. पुरुष उठायच्या बेतात होते. एकाने चपला शोधायला पाय खाली सोडले. तिने घाईने तोंड उघडलं, आणि कानात ताजं होतं तेच बाहेर पडलं.

“म्झे, निमेकुजा कुआगा.”

म्झे शामे वळले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

“जा मुली,” ते मायेने म्हणाले. “सुखरूप जा. तुझ्या आईला आमचा सलाम सांग. पोरीची काळजी करू नकोस, ती आमच्या डोळ्यांपुढे आहे.”

हात वर व्हायला लागले. तेव्हा तिला स्वतःच्या वाक्यातला ‘नि’ ऐकू आला. मी. मी आलेय निरोप घ्यायला, मी एकटी. फाकी एकटाच चालला होता आणि ती त्याचं वाक्य जसंच्या तसं बोलली होती. एकदा दुवा पुरी झाली की गोष्ट संपली. ती नुसतीच नाही म्हणून हात हलवत राहिली.

“चुकलं,” मागून बी मिझे म्हणाली.

स्वयंपाकघरात वाटी मागे घेताना तिचा जो आवाज असायचा, तोच. ओट्यावरचे हात अर्धवट राहिले.

“दोघी आहात. ‘नि’ नाही, ‘तु’. परत म्हण.”

“मिझे,” म्झे शामे हळू आवाजात म्हणाले.

“अजून शिकतेय ती, भाऊजी,” बी मिझे म्हणाली. “चुकीच्या वाक्यावर दुवा लागायची नाही.” आणि सुनेला पुन्हा म्हणाली, “म्हण.”

“तुमेकुजा कुआगा,” स्टमाटिया म्हणाली. आम्ही निरोप घ्यायला आलोय.

रयाने ओढणी तोंडावर घेतली. म्झे शामे बराच वेळ जेटीच्या दिशेने बघत बसले. मग त्यांनी हात वर केले, आणि त्यांच्या पाठोपाठ ओट्यावरच्या आणि दाराआडच्या सगळ्यांनी केले. बी मिझेने मात्र केले नाहीत. तिने दोन्ही हातांनी मांडीवरच्या झुहुराला धरलं होतं.