डोळ्यामागचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना रिसेप्टर आहे, पेशीवर बसलेला खबऱ्या. जुना म्हणजे मोजून काही दिवसांचा. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. एका क्रेनवाल्या काकांच्या डोळ्यामागे, बारीक रक्तवाहिनीच्या अस्तरावर माझी नेमणूक झाली. रक्ताचा रेटा वाढला की मी अस्तराच्या पेशीला खबर द्यायची. मग पेशी किंचित वायू सोडते, बाहेरचा स्नायू सैल पडतो, वाट रुंदावते आणि दाब उतरतो.

माझे पहिले दिवस सुखाचे गेले. काका रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते. सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणी करून शाबासकी दिली, "एकदम ठणठणीत!" मीही फुशारलो. घरी येताच काकांनी उरलेल्या गोळ्या खणात टाकल्या. "आता पुढच्या तपासणीला."

"अहो, गोळ्या डॉक्टरांसाठी घेता की स्वतःसाठी?" काकूंनी विचारलं. काकांनी हसण्यावारी नेलं. दरवर्षी असंच चालायचं म्हणे.

गुरुवारी सकाळपासून रक्त धडका देऊ लागलं. मी खबरीवर खबर दिली, पण वर्षानुवर्षं दाब सोसून अस्तर निबर झालेलं. वायू पुरेसा सुटेना. काका उंच केबिनमध्ये होते. क्रेनला लोखंडी तुळई लोंबकळत होती आणि खाली त्यांचा धाकटा भाऊ हाताने खुणा करत होता. काकांना एका भावाचे दोन दिसू लागले. खरा हात कोणता? माझी तर गाळणच उडाली.

"दादा, थांब! डावीकडे नको!" भाऊ वॉकीटॉकीवर ओरडला.

काकांनी दांडा सोडला. क्रेन थांबली. तुळई भावाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर झुलत राहिली.

काका कसेबसे खाली उतरले. "ऊन लागलं असेल. मी कुणाला सांगत नाही," भाऊ म्हणाला. मला या लपवालपवीचीच जास्त भीती वाटली. काका त्याच्या डोक्याकडे बघत राहिले, मग सरळ डॉक्टरांकडे गेले.

"साहेब, सोमवारचा आकडा गोळ्यांचा होता, माझा नाही. आज येईल तो लिहा."

डॉक्टरांनी औषध दिलं आणि केबिनची चावी काढून घेतली. ती परत कधी मिळेल, ते सांगितलं नाही.

मित्रांनो, उद्या माझ्या जागी नवा येईल. आम्हाला ओरडता येत नाही, म्हणून आम्ही मुकाट्याने राबतो. दुखत नाही म्हणून आम्हाला विसरू नका.

संध्याकाळी गोळी घेऊन काकांनी भावाला फोन लावला. "पोचलास घरी?"

"पोचलो, दादा."

रक्ताचा रेटा जरासा ओसरला. त्या वेळी मी काहीच केलं नव्हतं.