बारमाही टायर नकोत

बारमाही टायर, म्हणजे उन्हाळा-हिवाळा एकच सेट, मला आवडत नाहीत. कोणी कितीही गोडवे गावेत, माझं मत बदलायचं नाही. रस्ता तापला की ते मऊ पडतात आणि बर्फात ऐन वेळी दगा देतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. घरापासून चर्चपर्यंत जाणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या गाडीला चालतील. पण झोर्कोच्या गाडीला? लाल, दोन सीटची, छत उघडणारी, सगळा जोर मागच्या चाकांवर, आणि इतकी बुटकी की खाली मांजर बसायची पंचाईत. तिला बारमाही घालायचे असं त्याची बायको येल्का म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं.

चेर्कनो या आमच्या डोंगरातल्या गावातलं हे टायरचं दुकान वडिलांनी काढलं, आता मी चालवते. एक नोव्हेंबरला लोक कबरींवर मेणबत्त्या लावून येतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव माझ्या दारात. मिलोयका, आमचे हिवाळी चढव! उतरवलेले उन्हाळी टायर कोणी घरी नेत नाही. नावाची चिठ्ठी बांधून मी ते माळ्यावर ठेवते आणि एप्रिलमध्ये पुन्हा चढवते. झोर्कोला मात्र याची कधी गरज पडली नव्हती. त्याने जन्मभर क्लाद्येच्या खिंडीतून बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. उन्हाळाभर दोघं समुद्रावर जायची, थंडी सुरू झाली की गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची.

त्या वर्षी मात्र गाडी हिवाळ्यातही लागणार होती. येल्काला दर मंगळवारी औषध चढवायला ल्युब्लियानाच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. हॉस्पिटलची गाडी येते न्यायला, पण बाई ऐकेल तर ना! "त्या गाडीत आडवी पडून जायला मी काय बटाट्याचं पोतं आहे?" म्हणाली. "मी माझ्या गाडीत बसून जाणार."

ऑक्टोबरात, गर्दी व्हायच्या आत, दोघं दुकानात आली ती भांडतच.

"दोन वेगळे सेट," झोर्को म्हणाला. "हिवाळ्याला अरुंद, सोळा इंची, लोखंडी रिमवर. रस्त्यावरच्या मिठाने माझे चांगले रिम खाऊन टाकायला नकोत."

"सोळा इंची रिम लहान पडेल, ब्रेकला घासेल. मोजावं लागेल," मी म्हणाले.

"मोजलंय. बोटभर जागा राहते."

"बघ, मोजूनसुद्धा आलाय!" येल्का म्हणाली. "हे काढा, ते घाला, पुन्हा ते काढा. कशाला हा खटाटोप? बारमाही घाला आणि मोकळे व्हा."

"तू गप्प बस. बस मी चालवली की तू?"

"बस तू चालवलीस रे, पण तुला मी चालवलं."

मी हसले, तोही हसला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "एप्रिलमध्ये हे उन्हाळी परत चढवायचे आणि समुद्रावर, पिरानला जायचं. ठरलंय आमचं."

"ठरलंय म्हणे," येल्का पुटपुटली.

तो गाडी आत घ्यायला बाहेर गेला. तेवढ्यात तिने माझी बाही धरली.

"मिलोयका, मला एप्रिल दिसायचा नाही. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं. झोर्कोला ठाऊक नाही, आणि तुझ्या तोंडून त्याला कळता कामा नये."

मी दाराकडे पाहिलं. बाहेर तो गाडी सुरू करत होता.

"अगं, तो एप्रिलमध्ये एकटा कसा येईल इथे? सगळं गाव हसतखिदळत टायर बदलत असणार. येणारच नाही तो. गाडी शेडमध्ये सडेल आणि हा घरात. बारमाही असले की कुणाच्या दारात जायला नको, किल्ली फिरवली की निघाला. तू सांग ना त्याला. टायरच्या बाबतीत तुझं ऐकतो."

झोर्को आत आल्यावर मी सांगून पाहिलं. म्हटलं, बारमाही टायरसुद्धा हल्ली बरे निघतात.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" तो म्हणाला. "जन्मभर शिव्या घातल्यास त्यांना!" आणि मग एकदम ओरडलाच, "दोन सेट म्हणजे दोन सेट! चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत एप्रिल लिही!" इतकं भडकलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. येल्काने डोक्याचा रुमाल नीट केला आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. मी चिठ्ठीवर एप्रिल लिहिलं.

हिवाळा कडक गेला. खिंडीत गाड्या आडव्या होत होत्या, पण झोर्कोची गाडी एकदाही घसरली नाही. दर मंगळवारी ती दुकानासमोरून जायची, येल्का हात हलवायची, मीही हलवायचे. जानेवारीत एकदा थांबून तिने खिडकीतून पोतित्सा दिली, अक्रोड भरलेला गोड पाव. चेहरा ओळखू येत नव्हता, इतकी वाळली होती.

"छत उघड म्हणते तर हा ऐकत नाही," ती म्हणाली.

"उणे आठ आहे बाहेर, बये!" झोर्को म्हणाला, आणि दोघं खो खो हसली. मीही हसले. मग आत येऊन रडले.

फेब्रुवारीच्या शेवटी येल्का गेली.

एप्रिलमध्ये सगळं गाव आलं, झोर्को आला नाही. मेमध्येही नाही. फोन करावा असं रोज वाटायचं, पण काय बोलणार? जूनमध्ये एके दुपारी आला, तो मागच्या टायरमध्ये खिळा घुसला म्हणून. गाडी वर उचलली आणि माझा संताप झाला. हिवाळ्याचं मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर घासून पार गुळगुळीत झालं होतं.

"उन्हाळी खाली आणते," मी म्हणाले.

"नकोत. विकून टाक ते."

मला दुःख झालं की रागच येतो, माझा स्वभावच तसा. "विकून टाक? याच टायरांसाठी माझं दुकान डोक्यावर घेतलं होतंस ना? एका पावसात वळणावर घसरलास की गेलास वर! ती बिचारी जीव तोडून सांगत होती बारमाही घे म्हणून. तिला ठाऊक होतं, तू एकटा यायचा नाहीस इथे..."

बोलून गेले आणि जीभ चावली.

"काय ठाऊक होतं तिला?" झोर्कोने विचारलं.

आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. एप्रिल दिसायचा नाही म्हणाली होती, तेही.

तो टायरच्या थप्पीवर बसला.

"मलाही ठाऊक होतं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी तिच्याआधी मलाच सांगितलं. तिला कळू नये म्हणून तर दोन सेट केले. म्हटलं, नवरा एप्रिलची तयारी करतोय हे बघून तिला वाटेल, अजून वेळ आहे. मला काय टायरचं पडलं होतं, मिलोयका?"

मी त्याच्या शेजारी बसले.

"दर मंगळवारी जाताना-येताना मी पिरानच्या गप्पा मारायचो. कुठल्या खाणावळीत मासे खायचे, गाडी कुठे लावायची. ती म्हणायची, हो रे, तिथेच जाऊ. एवढीशी ती गाडी, गिअर टाकला की माझा हात तिच्या गुडघ्याला लागायचा. आणि दोघंही आपलं खोटं बोलतोय."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं त्याला. मला समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. मी आपलं मला येतं तेच विचारलं, "मग आता काय बसवू, सांग."

"बसव काहीही," तो म्हणाला. "'भीती वाटते का गं तुला?' एवढं तिला विचारायचं राहून गेलं."