डिकीत मेलेली खाडी

हरेश डॉक्टर होडीत चढला तो पांढरे बूट घालून. होडीत, आणि पांढरे बूट! जनीने ते बघितलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की या माणसाला खाडीतलं ओ की ठो कळत नाही. पनवेलच्या मासळी बाजारात पस्तीस वर्षं पाटी लावून बसलेली बाई ती. मासळीचा कल्ला न उचलता "ताजी आहे ना?" विचारणारं गिऱ्हाईक तिला दहा पावलांवरून ओळखू यायचं, आणि हा त्यातलाच होता. याच्या नावामागे डॉक्टर होतं एवढंच. तेही इंजेक्शनवाला डॉक्टर नाही, पाण्याचा.

पाण्याचा डॉक्टर आला होता तो खळ्यावर निकाल द्यायला. कोळीवाड्याच्या टोकाला, खाडीला लागून, मासळी सुकवायची सारवलेली मोकळी जागा होती. तिला सगळे खळं म्हणत. चाळीस घरच्या बायका तिथे जवळा पसरायच्या, बोंबील टांगायच्या. आता त्या जागेवर कोणाला तरी फिरायचा ट्रॅक आणि बसायला बाकडी हवी होती. कचेरीतून पत्र आलं: खळ्यासमोरच्या पाण्याची तपासणी होईल, खळ्यामुळे खाडी घाण होत असेल तर खळं हलवण्यात येईल. कुठे हलवणार, ते पत्रात नव्हतं. पत्र लिहिणाऱ्याला सुकट खायला आवडत असेल, ती येते कुठून याच्याशी त्याला काय देणंघेणं!

होडी जनीचा मुलगा जीवन चालवत होता. ठरलं होतं असं, की खळ्यापासून मधल्या धारेपर्यंत चार ठिकाणचं पाणी घ्यायचं. डॉक्टरने कपाळावर रुमाल ठेवला.

"पुढे काय वेगळं पाणी असणार आहे? ऊन बघा केवढंय. भरा सगळं इथेच."

आठच्या आठ बाटल्या खळ्यासमोर भरल्या. बरोबर लॅबमधली वल्लरी नावाची मुलगी होती, कामोठ्याची. तिच्याकडे बर्फाचा डबा होता आणि पाणी गाळायचा लहानसा हातपंप. ती हळूच म्हणाली, "सर, इथेच गाळून घेऊ या का?"

"लॅबमध्ये गाळू. आणि तो डबा ठेव इकडेच धक्क्यावर, गळतोय. माझी गाडी नवीन आहे."

बाटल्या गाडीच्या डिकीत गेल्या. होळी होऊन गेलेली, दुपारचे बारा वाजलेले, गाडीचा पत्रा हात लावू देईना. जनीला राहवलं नाही.

"ओ साहेब, बरफ नाय लावला?"

डॉक्टर हसला. असा हसला, की जणू शेंबड्या पोराने शाळेत खुळचट प्रश्न विचारलाय. "मावशी, पाणी आहे हे. बोंबील नाही!"

गाडी धूळ उडवत गेली. जनी तोंडाला पदर लावून पुटपुटली, "बोंबलाला तुज्यापेक्षा अक्कल जास्त."

महिन्याने अहवाल आला आणि त्याबरोबर सुनावणीची तारीख, पुढचा सोमवार. जीवनने ओट्यावर बसून वाचून दाखवलं. खळ्यासमोरच्या पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फार जास्त आहेत, आणि ते खळ्यातूनच येत असावेत.

"म्हंजे काय रं?"

"म्हणजे कुजकं पाण्यात उतरलंय. आपल्याकडचं, असं म्हणतोय तो."

"आपल्याकडचं?" जनी ताडकन उठली. "खल्यात आमी मासली सुकवतो. कुजवत नाय! सुकलेल्यात कुजायला ऱ्हातं काय? येवडं पन कलत नाय त्या दगडाला?"

ओरडून झालं आणि मग ती परत ओट्यावर टेकली. तिची सासू त्याच खळ्यात बसायची. जनीची कंबर तिथेच वाकली. खळं गेलं तर जवळा गच्चीत सुकवायचा? आणि ओला राहिला तर फेकायचा? त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

बुधवारी वल्लरी बाजारात आली. मासळी घ्यायला नाही. पाटीसमोर उकिडवी बसली आणि आजूबाजूला बघत बोलायला लागली.

"मावशी, ते आकडे खरे नाहीत. म्हणजे मोजले बरोबर, पण पाणीच बिघडलं होतं. सर करंजाड्याला फ्लॅट बघायला गेले, तिथून सासुरवाडीला. शुक्रवारच्या बाटल्या सोमवारी लॅबमध्ये आल्या."

"तीन दिस डिकीत?"

"हो. खाडीच्या थेंबाथेंबात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, बारीक झाडंही असतात. लगेच गाळलं तर ते गाळणकागदावर अडकतात. तसंच उन्हात ठेवलं तर मरतात, फुटतात, त्यांच्या अंगातलं सगळं पाण्यात उतरतं. मग ते कागदातून आरपार जातं. कागदावरचं कमी होतं आणि पाण्यातलं वाढतं."

जनीने तिच्याकडे असं बघितलं, की जणू ही पोर आपल्याला पाट्यावर वाटण कसं वाटायचं ते शिकवायला आलीय.

"बिनबरफाचा जवला होतो, तसं."

वल्लरी थबकली. "हो. अगदी तसंच."

"मंग त्याच्या तोंडावर का नाय बोललीस? येवडी बुकं शिकलीस ती काय पंपाला तेल घालायला?"

"माझी नोकरी जाईल. माझं नाव घेऊ नका, मावशी."

"नाय घेत. जा." जनीने तोंड फिरवलं. डॉक्टर मूर्ख होता, त्याला माफी तरी होती. ही शहाणी असून मुकी होती, आणि जनीच्या मते ते त्याहून वाईट होतं. पण शब्द दिला तो दिला. आता या पोरीचं नाव न घेता कचेरीतल्या लोकांच्या टाळक्यात हे कसं घालायचं? रात्री तिने जीवनला अहवालातल्या तारखा पुन्हा वाचायला लावल्या. पाणी घेतलं शुक्रवारी, गाळलं सोमवारी. डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही ठोकली होती.

शुक्रवारी सकाळी जनीने दोन बरण्या घेतल्या.

सुनावणीला पंखे गरगरत होते आणि त्यातून फक्त गरम वारा येत होता. मनिषा मॅडम नावाच्या अधिकारी मधे बसल्या होत्या. डॉक्टरने अर्धा तास पडद्यावर रंगीत रेघा दाखवल्या. रेघ वर गेली की तो खळ्याकडे बोट करायचा. वल्लरी मागच्या खुर्चीत फाईल छातीशी धरून बसली होती. जनीची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून बरण्या काढून थेट मॅडमच्या टेबलावर ठेवल्या.

"दोनीत सारकंच हाय, बाय. येकाच जाल्यातला जवला, येकाच खाडीचं पानी. शुक्करवारी भरलं. ही बरफात ठेवली. ही पोराच्या टेम्पोत, काचा लावून. साहेबांनी ठेवलं तसं."

"मॅडम, हा काय तमाशा आहे?" डॉक्टर उठला.

"बसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

जनीने जुन्या लुगड्याचा तुकडा पातेल्यावर ताणून धरला आणि बर्फातली बरणी ओतली. पाणी खाली गेलं, जवळा कापडावर राहिला, डोळे-मिशांसकट. मग दुसऱ्या पातेल्यावर दुसरं कापड धरून टेम्पोतली बरणी उघडली. पहिल्या रांगेतले दोघं उठून खिडकीकडे पळाले. मॅडमनी नाकाला ओढणी लावली. कापडावर चिमूटभर सालं राहिली, आणि खाली लालसर, घट्ट, शिसारी आणणारं पाणी पडलं.

"आता सांगा, जवला गेला कुटं?"

"पाण्यात," मॅडम ओढणीतून म्हणाल्या.

"खल्यातून आला काय ह्या पान्यात?"

डॉक्टरने घसा खाकरला. "हे अशास्त्रीय आहे. प्लँक्टन म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, त्यांच्यात आणि जवळ्यात फरक असतो. शिवाय सॅम्पल योग्य तापमानात होते."

मॅडमनी अहवालाचं पान उलटलं. "शुक्रवारी घेतलं, सोमवारी गाळलं. मधे कुठे होतं?"

"कूलिंगमध्ये."

इतकं धडधडीत खोटं! जनीने तोंड उघडलं. बाटल्या डिकीत जाताना तिने बघितल्या होत्या, पण पुढचे तीन दिवस त्या तिथेच होत्या हे सांगायचं तर वल्लरीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तिने शब्द दिला होता. ती ओठ आवळून उभी राहिली. तेवढ्यात मागची खुर्ची सरकली.

"डिकीत होतं, मॅडम," वल्लरी म्हणाली. "बर्फाचा डबा सरांनी धक्क्यावर ठेवायला लावला. मी होते तिथे."

डॉक्टरने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बेडूक तोंडावर उडी मारून जावा तसा चेहरा झाला होता त्याचा.

मॅडमनी हुकूम दिला: पाणी पुन्हा घ्यायचं, मधल्या धारेचंही घ्यायचं, होडीतच गाळायचं, आणि त्या स्वतः हजर राहणार. आठवड्याने होडी पुन्हा निघाली. वल्लरीने पंप मारून पाणी गाळलं. खळ्यासमोरचा कागद आणि धारेतला कागद, दोन्ही सारखेच हिरवट तपकिरी निघाले. परत जाताना मॅडमनी बर्फाचा डबा डॉक्टरच्या मांडीवर ठेवायला लावला. डबा गळत होताच. पांढऱ्या पँटवर मोठा ओला डाग पसरला.

"घट्ट धरा, साहेब," जनी म्हणाली. "पानी हाय ते. बोंबील नाय."

निकाल सांगायला वल्लरी खळ्यात आली. तिची लॅबमधली नोकरी सुटली होती, ती दुसरी बघत होती. जनीने तिला स्वतः पाट दिला, पाणी दिलं. धारेतला आकडा आणि खळ्यासमोरचा आकडा जवळजवळ एकच होता. डॉक्टरचा आकडा त्याच्या तिप्पट. खळं राहिलं होतं. बायकांनी एकच गिल्ला केला. जनी मात्र जवळा पसरता पसरता थांबली.

"बाय, त्या कागदावरचं हिरवं काय होतं गं?"

"तेच, मावशी. ते बारीक जीव आणि झाडं. जवळा तेच खातो, आणि जवळ्याला बोंबील खातो."

"म्हंजे त्यात घान कायच नव्हती?"

"नाही. खाडी जिवंत आहे म्हणून तर ते आहे. सरांच्या बाटल्यांतही भरपूर होतं. ते मेलं म्हणून आकडा वाढला."

जनी कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली. एवढा वेळ तिला वाटत होतं, की त्या माणसाने आळस केला. आळशी माणसाला ती एक शिवी घालून विसरली असती.

"म्हंजे त्या मेल्यानं आमची जित्ती खाडी उचलून नेली," ती म्हणाली, "डिकीत घालून मारली, आनि मढ्याचा वास आला तवा आमच्या दाराकडं बोट केलं."

कोणी हसलं नाही. जनी खाली बसली आणि उरलेला जवळा पसरायला लागली.