डावा घोडा

नूतनचे वडील गोविंदराव गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक डहाणूच्या घरात ठेवता येईना. परवाना त्यांच्या नावावर होता. नूतनने पोलिसांना कळवून ती बंदुकीच्या दुकानात जमा केली. दुकानदार मुकेशभाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "बेन, ही कुठली? तुमच्याकडे कशी आली?"

 नूतन कॉलेजात इतिहास शिकवायची, पण या बंदुकीकडे तिने कधी धड पाहिलंही नव्हतं. याच बंदुकीने तिचा भाऊ जतीन गेला होता.

रानशेतच्या वाडीत रानडुकरं चिकूची नवी कलमं उकरायची, म्हणून बापलेक राखणीला गेले होते. झाडाला टेकवलेली बंदूक घसरली, दस्ता जमिनीवर आपटला आणि बार उडाला. "घोडे अर्ध्यावर होते," गोविंदराव पोलिसांना सांगत राहिले. घोडा अर्ध्यावर असला की बंदूक उडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे यांनीच घोडा पुरता चढवून ठेवला असणार, असं जो तो म्हणाला. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं, बंदूकही परत दिली. घरात ते मिटलं नाही. बायजाबाई नवऱ्याला जेवायला वाढायच्या, औषध हातावर ठेवायच्या, पण बोलणं तुटलं ते तुटलंच.

जिने घर मोडलं तिची कुळकथा तरी कळू दे, असं नूतनच्या मनाने घेतलं. नळ्यांच्या पोटाशी मुकुटाचे बारीक ठसे होते. त्यांचे फोटो जुन्या विलायती बंदुकांवरच्या खुणांशी ताडून पाहिले, तेव्हा बंदूक बर्मिंगहॅमची, शंभराहून जास्त वर्षांची निघाली. आजोबांनी ती उधव्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली होती, एवढं काकांच्या आठवणीत होतं.

मग तिने मुकेशभाईंना घोड्यांची यंत्रं उघडायला लावली. उजव्या बाजूचं काम आरशासारखं होतं. डाव्या बाजूचा एक तुकडा मात्र ओबडधोबड.

"हे विलायती नाय," मुकेशभाई म्हणाले. "कोणी लोहाराकडून घडवून घातलंय. लोखंड नरम आहे, घोडा अडवणारी खाच झिजून गेली. घोडा अर्ध्यावर थांबलेला दिसेल, पण धक्का बसला की सुटणार."

"बाहेरून कळलं असतं?"

"उघडल्याशिवाय मला पण नाय कळलं."

नूतन उधव्याला गेली. ठेकेदाराच्या थकलेल्या सूनबाई, दक्षाबेन, झोपाळ्यावर बसल्या होत्या. "हो, डावा घोडा बिघडला होता," त्या सहज म्हणाल्या. "सासऱ्यांनी गावच्या लोहाराकडून नीट करून घेतला, मग विकली. का गं?"

"असंच," नूतन म्हणाली. चहा अर्धा ठेवून ती उठली.

घरी बायजाबाई वाल सोलत होत्या. नूतनने सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे ते खरं बोलत होते?"

"हो, आई."

"स्मशानातून आले तेव्हा म्हणाले, बायजा, घोडे अर्ध्यावर होते गं. मी म्हटलं, हे परत माझ्यापुढे बोलू नका." त्यांनी सोललेले वाल बाजूला सारले. "नाही बोलले परत. तुला कधी म्हणाले?"

"एकदा म्हणाले. मी म्हटलं, बाबा, आता सोडा ना."

दोघींपैकी कुणीच रडलं नाही. संध्याकाळी चूलही पेटली नाही.

बंदूक मोडीत काढायला द्यायची, असं बायजाबाईंनीच ठरवलं. पोलीस ठाण्यात त्या नूतनबरोबर गेल्या. टेबलामागच्या हवालदाराने मान वर न करता विचारलं, "परवाना कुणाच्या नावावर?"

नूतन तोंड उघडणार, तोच बायजाबाई पुढे झाल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं.

"गोविंदराव," त्या म्हणाल्या. मग टेबलाची कड घट्ट धरून म्हणाल्या, "त्यांची चूक नव्हती हो."

हवालदाराने आता मान वर केली आणि कागद पुढे सरकवला. "बरं," तो म्हणाला, "इथे अंगठा करा की सही?"

"सही," बायजाबाई म्हणाल्या. पण पेन टेकवण्याआधी म्हणाल्या, "आधी तिथे लिहा, घोडे अर्ध्यावर होते."